शनिवारचे पोहे

अल कुसैस, १२ जानेवारी २०२५

ती. मृणालिनीमावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. कोर्टात मुलांची बाजू मांडणारी स्वयंसेविका झालेय मी! दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, गळ्यात कार्डही आलं.

माझ्याकडे वैभवी आहे, आठ वर्षांची. आईवडील गेल्यापासून उम्म अल कुवैनला काका नागेश आणि काकू हेमाकडे असते. ती इतरांचे डबे मागून खाते, अशी शाळेची तक्रार. काकू म्हणते, मेली हावरटच आहे. मी नोव्हेंबरपासून दर शनिवारी जाते, फोन करूनच; अचानक जाणं बरं दिसत नाही. हेमाचे पोहे अप्रतिम. वैभवी गुणी, मुकाट्यानं भरभर खाते. तिला तिथेच ठेवायचं की शारजात आत्याकडे द्यायचं, हे सहा फेब्रुवारीला ठरेल. घर चांगलं आहे, असंच रिपोर्टात लिहिणार आहे.

लोभ असू दे, टोमणे आवर.
तुझी सुनेत्रा

सातारा, २० जानेवारी २०२५

चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

पोहे कसे होते ते कळलं, मुलगी कशी आहे ते कळलं नाही. बालगृहात मी बावीस वर्षं काढली, चौकशीला गेले त्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तू तर वर्दी देऊन जेवायला जातेस. ती भरभर का खाते, हे विचारायचं ट्रेनिंग ग्रुप फोटोत राहून गेलं वाटतं. मंगळवारी जा, न कळवता. घरून जेवून जा.

माझे गुडघे तसेच आहेत. राग मानू नकोस, मानलास तरी जा.
मावशी

अल कुसैस, ८ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी गेले. वैभवीनं दार उघडलं आणि इंग्रजीत विचारलं, आज शनिवार आहे का. मग आत जाऊन दोन बशा मांडल्या. तिनंच सांगितलं, मी आले की तिलाही मिळतं, एरवी रात्री फक्त एक खुबूस, इथली अरबी रोटी. मावशी, अकरा शनिवार मी तिच्यासमोर बसून हादडत होते.

सगळं लिहून दिलं. कोर्टात काका-काकूंच्या वकिलानं हेमाला पोह्यांसाठी पाठवलेले माझेच आभाराचे मेसेज वाचून दाखवले, लाल बदामांच्या इमोजींसकट. जज्जनी विचारलं, खरं कुठलं. मी सांगितलं की मेसेज पाहुणीचे होते, रिपोर्ट वैभवीचा आहे. खाली मान घालूनच सांगितलं.

तिला आत्याकडे दिलं. बाहेर आल्यावर मी पेढा द्यायला वाकले, तर तिनं हळूच विचारलं, तुम्ही नव्या घरी कुठल्या वारी येणार. तेवढा एकच दिवस जेवायला मिळेल, असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

माया कर, मी ती कमावलेली नसली तरी.
सुनेत्रा