काचेत न थुंकल्याबद्दल

तीर्थस्वरूप धोंडीबाई आत्यास, सूर्यमाळहून हरेशचा दंडवत. तुझा गुडघा आता कसा आहे? नागली झोडून झाली का? इकडे सगळे बरे आहेत, फक्त माझं डोकं फिरलेलं आहे. पत्र जगनच्या जीपने पाठवतो आहे, कारण फोनच्या रेंजसाठी तुला जांभळीखाली यावं लागतं आणि तिथे अर्धा पाडा कान देऊन उभा असतो.

तू शेजारच्या वर्षाकडे माझ्यासाठी शब्द टाकलास, त्यावर ती म्हणाली की नदीकाठी नुसती पायाची बोटं भिजवणाऱ्या माणसाबरोबर संसार कोण करेल. (ती आठव्या वर्षापासून नदी पोहून पलीकडच्या भाताला जाते, हे मान्य.) पण आमच्याकडे एप्रिलात आंघोळीला दोन तांबे पाणी मिळतं, त्यात पोहायला शिकायचं कसं तेही तिने सांगावं. तरी मी ईर्ष्येला पेटलो आणि ठाण्याला गोदामात माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोरांच्या सहलीत मालवणला गेलो. तिथे समुद्रात तोंड खाली घालून प्रवाळ बघायचे असतात आणि पाण्याखालचा आपला फोटोही काढून मिळतो. तो फोटो वर्षाला दाखवला की विषय मिटला, असा माझा बेत होता.

होडीवरच्या माणसाने आधी रबराच्या लांबलचक चपला दिल्या आणि त्या घालूनच पाण्यात उतर म्हणाला. आत्या, आपण झऱ्यावर चपला वीस पावलं अलीकडे काढतो. मी त्या तशाच परत केल्या. मग त्याने डोळ्यांवर लावायची मोठी काच दिली आणि म्हणाला, "आधी यात थूक." (खरंच असं म्हणाला.) थुंकायचं, समुद्रातच विसळायचं, म्हणजे म्हणे काचेवर वाफ धरत नाही. ज्या गावात बाया झऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात, तिथल्या माणसाला हा पाण्यात थुंकायला सांगतो! झऱ्याजवळ थुंकला म्हणून माघ्याला आमच्या पाड्याने आठ दिवस सगळ्यांचं पाणी भरायला लावलं होतं. सगळी होडी माझ्यासाठी खोळंबली, पोरं हात जोडायला लागली, पण मी थुंकलो नाही.

व्हायचं तेच झालं. बाकीच्यांनी प्रवाळ पाहिले, निळे-पिवळे मासे पाहिले, एकाला तर कासव दिसलं. मला आमच्या सूर्यमाळचा श्रावण दिसला, नुसतं धुकं. वर ती श्वासाची नळी! ती तोंडात असताना माणसाला रागावता येत नाही. मी रागावलो आणि बराच समुद्र पोटात गेला. एवढं पाणी, आणि त्यातला एक घोट पिण्याजोगा नाही, मग ते ठेवलंय कशाला? फोटोत तर काच अशी पांढरीफटक आली आहे की आत कोण आहे ते माझ्या आईलाही ओळखता येणार नाही. तक्रार केली तर होडीवरचा माणूस म्हणतो, थुंकला असतास तर चेहरा आला असता.

फोटो सोबत जोडला आहे. वर्षाला दाखव आणि सांग की पाण्यातला तो मीच आहे, आणि पाण्याचा मान राखणारा आहे. गुडघ्याला जप.

तुझा भाचा,
हरेश

ता. क. फोटोत कडेला होडीची शिडी दिसते. ती मी धरलेली नाही. ती शेजारी होती, म्हणून हात लागला आहे.

आणखी एक ता. क. आत्या, तुला वाचता येत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि तुझी पत्रं कोण वाचून दाखवतं तेही. तेव्हा वर्षा, इथून पुढचं मोठ्याने वाचू नको. शिडी मी पाऊण तास सोडली नाही. थुंकलो असतो तर खाली किती खोल आहे ते दिसलं असतं. मला फार भीती वाटत होती. तुमच्या नदीत मला पोहायला शिकवशील का? रविवारी येतो. आत्याला सांग, पत्र संपलं.