लिफ्टलासुद्धा आभारी आहे

प्रिय ठमे,

पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. ‘पोचले’, एवढाच. त्यानंतर तू फोन केला नाहीस आणि मीही केला नाही. फोनवर तुझं पहिलं वाक्य असतं ‘बरं आहे ना सगळं’ आणि दुसरं ‘बरं, ठेवते’. मला जे सांगायचंय ते त्या दोन वाक्यांच्या मधे मावणारं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. शिवणाच्या मशीनवरच लिहितेय. जेवणाच्या टेबलावर बाबांची औषधं अजून तशीच आहेत आणि ती उचलायला हात होत नाही. मधेच कुठे अक्षर घसरलं तर मशीनच्या पट्टीवरून घसरलं असं समज, लगेच आईला कापरं भरलं म्हणून घाबरू नकोस.

बाकी ठीक आहे. माणसं येणं आता कमी झालंय. शेजारचे कुत्रेवाले काका मात्र रोज दार वाजवून काही हवंय का विचारतात आणि मी नको म्हटलं की सुटल्यासारखे कुत्र्याला घेऊन खाली जातात. पडद्यांचं काम पुन्हा हातात घेतलंय. एका बाईंच्या बैठकीच्या खोलीचे आधी शिवून ठेवलेले पडदे नेऊन दिले, तर चार बोटं आखूड निघाले, आयुष्यात पहिल्यांदा. त्या बिचाऱ्यांनी पैसे पुरे मोजून दिले, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

तू निघालीस त्या सकाळी जिन्यापाशी, बॅग खांद्यावर घेताना, माझ्याकडे न बघता जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. ‘आई, लिफ्टलासुद्धा म्हणायचे ते. मला शेवटपर्यंत एकदाही नाही म्हणाले.’ आणि लिफ्ट समोर उभी असताना तू जिन्यानं उतरलीस. मी वरून तुझी पावलं ऐकत राहिले. त्याचं उत्तर मला सुचलंय अशातला भाग नाही, पण सापडलंय.

तुला बाबांची बोर्डाची खोली आठवते का? शाळेला सुट्टी असली की तू हट्टानं त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात जायचीस. जिन्याखालची ती बुटकी खोली, खिडकीतून दिसणाऱ्या धुतलेल्या चादरींच्या रांगा, आणि भिंतीला टेकलेला तो भला मोठा टेलिफोनचा बोर्ड. बाबा कानाला पट्टा लावून बसायचे, एका भोकातली वायरची पिन दुसऱ्यात खुपसायचे आणि सबंध हॉस्पिटलाला एकमेकांशी बोलायला लावायचे. पुढे बटणांचा बोर्ड आला, पण त्यांचं बोलणं तेच राहिलं. सुरुवातीला ‘नमस्कार, बोला’, शेवटी ‘आभारी आहे’. समोरचा रडत असो, शिव्या देत असो नाहीतर चुकून लागलेला असो, शेवटी आभारी आहे. उभी हयात त्यात गेल्यावर ते जिभेवर बसणारच. बस ड्रायव्हरला आभारी आहे. वाण्याला, पोस्टमनला, पावती फाडणाऱ्या यंत्राला आभारी आहे. लिफ्टमधून बाहेर पडताना तर हमखास. कुत्रेवाल्या काकांना वाटायचं आपल्यालाच म्हणताहेत, ते दर वेळी ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणायचे. तू जरा मोठी झालीस तशी रस्त्यात त्यांच्या पुढे पुढे चालायला लागलीस, ओळख नसल्यासारखी.

फक्त घरात हा शब्द नव्हता. तुला नाही आणि मलाही नाही. मी चिडवायचे, दिवसभर गावाला वाटून संपतं, घरी आणायला उरत नाही. कधी कधी मुद्दाम चहाचा कप जरा आपटून ठेवायचे आणि समोर उभी राहायचे. बाबा घोट घ्यायचे, विचार करायचे आणि म्हणायचे, ‘साखर बरोबर आहे.’ एकदा मात्र मी सरळच विचारलं. तुझं लग्न होऊन तू गेली होतीस, घर रिकामं रिकामं झालं होतं, माझं डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, सगळ्या जगाचे आभार मानता, मी काय घोडं मारलंय? तर हसले आणि म्हणाले, ‘तुझा कॉल कुठे संपलाय अजून?’ त्यांचे विनोद तुला माहीत आहेत. मी मान उडवली आणि कणीक मळायला गेले.

मग तो झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तुझं नाव गेलं, माझं गेलं, पाणी, हो, नाही, सगळं गेलं. उरलं फक्त ‘आभारी आहे’. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला आत बोलावून समजावलं होतं, तुलाही मी तेव्हा सांगितलं होतं. हजारो वेळा म्हटलेले शब्द मेंदूत वेगळ्या जागी बसतात, ते आपोआप बाहेर पडतात, त्यात अर्थ शोधू नका. किती सहज म्हणाल्या, अर्थ शोधू नका. त्या कपाचं चित्र दाखवायच्या आणि हे म्हणायचे आभारी आहे. रक्त काढून घेतलं, आभारी आहे. नखं कापली, आभारी आहे. दाढी करणारा न्हावी तर डोळे पुसत जायचा, म्हणायचा, इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं असं कधी म्हटलं नाही. आंघोळ घालायला येणाऱ्या ताई त्यांना ‘आभारीबाबा’च म्हणायच्या. मी सगळ्यांसमोर हसायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचे. नळासारखंच झालं होतं ना ते, कोणीही फिरवावा आणि पाणी यावं. पण मग माझ्याच वेळी तो कोरडा का व्हायचा? मी भरवायचे, कूस बदलायचे, सगळं सगळं करायचे. मला कधीच नाही. म्हणजे तेव्हा तरी नाही.

आणि तुझे रविवारचे फोन. तुला दिसायचा तो फक्त त्यांचा चेहरा, साखरेच्या बरणीला टेकवलेल्या फोनमधून. त्याच्या आधीचं तुला दिसायचं नाही. रविवारी सकाळपासून ते डाव्या हातानं डोक्याला हात लावत राहायचे, म्हणजे भांग पाड. निळा शर्ट दाखवला तरच हात पुढे करायचे, दुसरा चालायचा नाही. मग तू दिसलीस की तुझ्याकडे एकटक बघत बसायचे, ओठ घट्ट मिटून. तू काय काय सांगायचीस, ऑफिसातलं, घरातलं. आणि शेवटी म्हणायचीस, ‘बाबा, म्हणा ना. एकदा मला म्हणा. सगळ्यांना म्हणता.’ ते ओठ आणखी आवळायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. तुला वाटलं, ओळखतच नाहीत. मलाही तसंच वाटायला लागलं होतं गं. ‘त्यांना कळत नाही, तू मनावर घेऊ नकोस’, असं मीच तुला म्हणाले. मग तू फोन मला करायला लागलीस, त्यांना नको, उगाच त्रास होतो म्हणून. ते रविवारी निळा शर्ट घालून बसायचेच. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आज टोचावं म्हणून सांगत नाहीये, पुढचं कळावं म्हणून सांगतेय.

गेल्या आठवड्यात टिटवीमावशी येऊन गेली. बोर्डावर बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसायची ती, तिच्या चिरक्या आवाजावरून बाबांनीच ठेवलेलं नाव. आता काठी घेऊन चालते, आवाज मात्र अजून खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असा. खूप बोलली. बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून रडली आणि रडता रडता हसत एक गोष्ट सांगू लागली. एकदा दुपारी एका बाईचा फोन आला होता. नवऱ्याचं ऑपरेशन चाललेलं, आणि ही कुठेतरी लांब, एकटी, येण्याची सोय नाही. अजून काही बातमी नव्हती. अशा वेळी नियम असा, की कळवतो म्हणायचं आणि फोन बंद करायचा. बाबांनी केला नाही. तिची पिन तशीच ठेवली. बाकीचे फोन घ्यायचे, जोडायचे, आणि मधेमधे तिच्याकडे येऊन ‘आहे मी’ एवढंच म्हणायचे. पाळी संपली तरी बातमी आली नव्हती. तेव्हा टिटवीच्या हातात पट्टा देताना तिला बजावलं, ‘हिला आभारी आहे म्हणू नकोस हं.’ मी विचारलं, का? तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की एवढं कसं तुला माहीत नाही. म्हणाली, अगं, ते म्हटलं की पिन काढायची. तोंडातून शब्द आणि हातानं पिन, दोन्ही एकदमच. तो शब्द गेला की लाइन गेली.

मग ती उठली. दाराशी पोचल्यावर चहासाठी म्हणाली, ‘आभारी आहे’, आणि ठमे, तिच्या उजव्या हातानं हवेतली पिन ओढली. तिला कळलंही नाही. मी रिकामा कप घेऊन तिथेच उभी राहिले.

त्यानंतर मी एकेक आठवत बसले. सुई टोचताना ते कधी म्हणाले नाहीत, सुई निघून कापूस दाबला की म्हणायचे. न्हाव्याला, त्यानं टॉवेल झटकला की. कपाच्या चित्राला, बाईंनी ते उचलून पिशवीत टाकलं की. लिफ्टला, बाहेर पाऊल टाकताना. सुरुवातीला कधी नाही, मधेही नाही. कोणाचंही काम पुरं झालं, माणूस निघाला, की त्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची रीत. ज्याचं अजून संपलेलं नाही त्याला कसं म्हणणार? आणि तू तिकडून म्हणत होतीस, म्हणा ना, एकदा म्हणा. पोरी, तू त्यांना फोन ठेवायला सांगत होतीस. त्यांच्याकडे सगळ्या जगातला एकच शब्द उरला होता, आणि नेमका तोच तुला द्यायचा नव्हता. बाई म्हणाल्या होत्या, आपोआप बाहेर पडतो. मग जो आपोआप पडतो तो तुझ्यासमोर ओठांत धरून ठेवायला त्यांना किती जोर लावावा लागत असेल, बघ. बाईंचं शास्त्र खोटं असं मी म्हणत नाही. त्यांना त्यांच्या पुस्तकातलं माहीत, मला माझा माणूस माहीत.

आता जे तुला जिन्यात सांगितलं नाही ते सांगते. तू ‘एकदाही नाही म्हणाले’ म्हणालीस तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं आणि मी गिळलं. मला म्हणाले. ते गेले त्या सकाळी. मी सूप भरवून तोंड पुसत होते. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले, आभारी आहे. स्पष्ट, अगदी बोर्डावरच्या आवाजात. मी वेडी, मला काय वाटलं सांगू? वाटलं, जन्मभर वाट बघितली ते एकदाचं मिळालं. ‘आता सुचलं होय!’ म्हणून त्यांना दटावलं, आणि सबंध सकाळ गुणगुणत पडदे शिवत बसले. तेच ते आखूड झालेले पडदे. दुपारी बघायला गेले तर झोपेतच गेले होते. त्यांनी मला सांगून फोन ठेवला होता आणि मी आनंदात होते. टिटवी येऊन गेल्यापासून मला हे सोसत नाही, आणि हे मी फक्त तुलाच सांगू शकते. पण तुला लिहायला बसले ते एवढ्याचसाठी नाही. त्यांनी माझी लाइन नीट बंद केली, माझ्या मनगटाला धरून. तुझी केली नाही. ती चालू ठेवूनच गेले. या रविवारी फोन कर, नेहमीच्या वेळेला. मी फोन बरणीला टेकवून ठेवीन आणि समोरच्या खुर्चीवर निळा शर्ट ठेवीन. तुझं ऑफिसातलं, घरातलं काय असेल ते सगळं सांग. मी ऐकत बसेन, मधेमधे ‘आहे मी’ म्हणेन. आणि हे एवढं लांबलचक वाचलंस म्हणून मी तुझे आभार मानणार नाही. का, ते आता तुला ठाऊक आहे.

तुझीच,
आई