सासूबाई जिना उतरल्या

ता. ९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत आहोत आणि पूल खेळायचा हॉल अखेर सुरू झाला आहे. सासऱ्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात तीन टेबलं इतकी छान बसली, की जागा त्यांच्यासाठीच बांधली होती असं वाटावं. तेलाचे डाग मात्र फरशीतून काही गेले नाहीत. मला ते आवडतात. यांना नाही आवडत.

आता रडगाणं. तुम्ही आयुष्यभर क्लबात पूलच्या काठ्या, ते क्यू, दुरुस्त केलेत, मी तुमच्या मांडीवर बसून ते पाहिलं, म्हणजे मलाही येत असणार अशी माझी समजूत होती. ती साफ खोटी ठरली. परवा एका गिऱ्हाइकाने जोरात फटका मारला आणि क्यूच्या टोकाची चामड्याची टिप उडून समोरच्याच्या चहात पडली. बरं, ज्या उडत नाहीत त्या फटका घसरवतात. काहींच्या कडा चेपून अळंबीसारख्या बाहेर आल्या आहेत. मी काचकागदाने घासते तर टिपच संपत येते. हे म्हणतात की दोन-तीन दिवस अजून असंच चाललं तर लोक चहा झाकून प्यायला लागतील.

सासूबाईंचं तसंच आहे. सासरे गेल्यापासून त्या खाली आलेल्या नाहीत. दुकान बदलायला हो म्हणाल्या, पण एवढंच म्हणाल्या, की मला काही दाखवायला बोलावू नका. दिवसभर वरच्या खोलीत खिडकीशी बसतात. खाली चेंडू आपटले की त्या दचकतात का, हे विचारायचा मला धीर होत नाही.

तेवढं टिपचं नीट लिहून पाठवा. रागावलात तरी चालेल, पण सविस्तर रागवा.

तुमची,
खारुताई


ता. १५ फेब्रुवारी

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मांडीवर बसून तू काय पाहिलंस ते मला आठवतंय. तू खडू खात होतीस.

आता ऐक. जुनी टिप ब्लेडने काढ आणि खालची, क्यूच्या टोकाची पांढरी टोपी अगदी सपाट आणि कोरडी कर. जुन्या गोंदाचा कण राहिला तर नवी टिप त्याच्यावर बसेल, क्यूवर नाही. टिपची पाठ थोडी खरवडून घे. गोंद लाव, दाब, बांध आणि रात्रभर विसरून जा. झटपट चिकटणारे गोंद बाजारात ढिगाने आहेत, लोक वापरतात, त्यांचं चालतंही. माझं मन मात्र चामड्याच्या बाबतीत त्यांच्यावर बसलं नाही.

सकाळी क्यू उलटा धरून टिप लाकडी फळीवर टेकव आणि बाहेर आलेली कड ब्लेडने काप. टोपीला चिकटपट्टी गुंडाळून ठेव, नाहीतर तिला ओरखडे पडतील आणि जावईबापू तुला ओरखडतील. मग माथ्याला गोलाई दे, नाण्याच्या कडेइतकी. शेवटी बाजूला जरासं पाणी लावून चामड्याच्या तुकड्याने भराभर घास. बोटाला चटका बसेपर्यंत. मग ती चकाकते, कडक होते आणि अळंबी व्हायची थांबते. बाजू गुळगुळीत, माथा खरखरीत. माथा गुळगुळीत झाला तर फटका घसरू नये म्हणून लावतो तो खडू धरत नाही. तेव्हा तो हळूच खरवडायचा. तू घासतेस तसं नव्हे. तू भांडं घासतेस.

सोबत टिपांची डबी पाठवतो आहे. विहीणबाईंना आमचा नमस्कार सांग. त्यांना खाली बोलावू नकोस, पण एकटंही ठेवू नकोस. कसं ते तुझं तू बघ.

तुझा,
बाबा


ता. ३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

डबी मिळाली. तुमचे टोमणेही मिळाले.

खाली उजेड कमी म्हणून मी क्यू घेऊन वर स्वयंपाकघरात बसले होते. घासता घासता टिपचा एका बाजूला कडेलोट झाला. सासूबाई पाणी प्यायला आल्या. जरा वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्या हातातून क्यू काढून घेतला आणि म्हणाल्या, की चामड्याला इतका त्रास देऊ नये, ते कुणाचं तरी अंग होतं.

बाबा, मला हे ठाऊकच नव्हतं! लग्नाआधी त्या चामड्याचे हातमोजे शिवायच्या. चामड्याची सुलटी बाजू कुठली, ओलं केलं की ते किती ताणतं, हे त्यांना बोटांनीच कळतं. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. चटका बसेपर्यंत घासा, यावर त्यांनी मान डोलावली आणि तुमचे व्याही बरे दिसतात असं यांना म्हणाल्या. तुम्ही यांचे व्याही नसून सासरे आहात, हे त्यांना कुणीही सांगितलं नाही.

आता खिडकीशी त्यांचं टेबल मांडलं आहे. क्यू जिन्याने वर जातात आणि बरे होऊन खाली येतात. त्या स्वतः मात्र अजून येत नाहीत. पहिले काही त्यांनीही बिघडवले, एक तर पार वाकडा. गिऱ्हाइकाला माझं नाव सांगा म्हणाल्या.

याच महिन्यात हॉलमध्ये स्पर्धा ठेवतो आहोत. आशीर्वाद पाठवा.

तुमची,
खारुताई


ता. २५ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

स्पर्धा झाली.

आमच्याकडे एक जण कायम कोट घालून येतात, सगळे त्यांना कोटवालेच म्हणतात. खेळतात छान आणि येताना दहा-बारा मित्र घेऊन येतात, म्हणजे अर्धा हॉल त्यांचाच. अंतिम सामना संध्याकाळी होता, त्यांचा आणि टपाल वाटणाऱ्या बाईंचा. दुपारी कोटवाल्यांची टिप निघाली. संध्याकाळपर्यंत करून देते, असं मी बेधडक सांगून टाकलं आणि क्यू वर दिला.

संध्याकाळी आणायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, गोंद वाळलेला नाही, सकाळी. मी म्हटलं, मी शब्द दिला आहे. त्या म्हणाल्या, शब्द तू दिलास, गोंदाने नाही दिला. मी गयावया केली, मग चिडले. म्हटलं, खाली माणसं खोळंबली आहेत, तुम्हाला वर बसून काय कळणार? बोलले आणि जीभ चावली.

तेवढ्यात कोटवाले जिन्याच्या तळाशी येऊन ओरडायला लागले, की एका टिपचा एवढा काय बाऊ. सासूबाई उठल्या. कोटवाल्यांचा क्यू हातात घेतला आणि माझ्या शेजारून सरळ जिना उतरल्या. मी मागून पाहतच राहिले.

त्यांनी कोटवाल्यांना शांतपणे सांगितलं, की आत्ता दिला तर पहिल्या जोराच्या फटक्याला टिप सरकेल आणि हराल तेव्हा दोष मला द्याल, सकाळी या. कोटवाले म्हणाले, मग आम्ही सगळे दुसरा हॉल बघतो. आमचे हे आपल्या बुटांकडे पाहायला लागले. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अर्धा हॉल चालला होता, बाबा. पण सासूबाई क्यू दोन्ही हातांनी छातीशी धरून तिथे उभ्या होत्या, त्यांच्या नवऱ्याच्या दुकानात, इतक्या दिवसांनी. मी सांगितलं, की सामना उद्या सकाळी. टपालवाल्या बाई लगेच म्हणाल्या, की सकाळचं टपाल वाटून झालं की येते, दमलेली असेन म्हणजे कोटवाल्यांनाच बरं. लोक हसले. कोटवाले मात्र मित्रांना घेऊन तरातरा निघून गेले.

सकाळी मी दार उघडलं तर ते दारातच उभे. एकटेच, आणि कोट नाही. क्यू घेतला, टिपवरून अंगठा फिरवला आणि टेबलाकडे वळले. सामना शेवटच्या चेंडूपर्यंत गेला. जिंकल्या टपालवाल्या बाई. कोटवाल्यांनी हात मिळवला. मग ते जाऊन सासूबाईंना विचारतात, की ही टिप अशीच राहायला काय करावं लागेल? त्यांनी सांगितलं, की तुम्ही बरणीचं झाकण पिळल्यासारखा खडू पिळता, तो हलक्या हाताने फिरवा, नाहीतर माथ्याला खड्डा पडेल. ते चक्क हो म्हणाले. मित्रांपैकी निम्मे आज परत आले आहेत. उरलेल्यांचं बघू.

मी सासूबाईंची माफी मागितली. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं आणि चहा टाकायला सांगितला.

तुमची,
खारुताई


ता. २ एप्रिल

रा. रा. व्याही यांस,
नमस्कार वि. वि.

माझं लिहिणं बेताचं आहे, सांभाळून घ्या. तुमच्या मुलीने तुम्हाला सगळं कळवलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. ती तुम्हाला सांगणार नाही तेवढं मी लिहिते.

त्या संध्याकाळी मी धैर्याने वगैरे उतरले नाही. रागाने उतरले. शेवटच्या पायरीवर आल्यावर ध्यानात आलं, की आपण कुठे आलो. पण समोर तो माणूस ओरडत होता, हातात त्याचा क्यू होता, म्हणून मग रडायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मिळाला. तुमची मुलगी शेजारी खुर्ची ओढून बसली आणि काहीही बोलली नाही. ती गप्प बसू शकते हे तुम्हाला खोटं वाटेल, पण बसली.

आता माझं टेबल खालीच आणलं आहे. चेंडूंचा आवाज वरून फार मोठा वाटायचा, खाली नाही वाटत. काल मीही एक चेंडू मारून पाहिला. भोकात गेला. माझा नेम होता दुसऱ्याच चेंडूवर, पण ते कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही दोघं राहायला या. विहीणबाईंशी मला गप्पा मारायच्या आहेत आणि तुमच्याकडून गोलाई शिकायची आहे, माझी अजून जरा बसकी होते. येताना एक तयारी ठेवून या. परवा एका नवीन गिऱ्हाइकाने विचारलं, की ह्या कोण, तर मी माझी मुलगी असं सांगून टाकलं. सून म्हणायचं राहून गेलं. तुमची काही हरकत असेल तर ती समोरासमोर बसून घ्या, पत्राने मी ऐकणार नाही.

दोघांनाही प्रकृतीस जपण्यास सांगणारी,
तुमची विहीण