भाऊजींची वरची खोली

११ जाने.
मांजर्लीला ताईकडे. चहा संपायच्या आत भाऊजींनी विषय काढला. "मेहुणी इंजिनियर, आणि मी परत खुर्चीवरनं उचलला जाणार?" गेल्या पावसाळ्यात नदी घरात शिरली, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट बाहेर काढलं. पॅरॅलिसिसच्या झटक्यानंतर डावा पाय ओढत चालतात. पाण्याबद्दल कधी बोलत नाहीत. खुर्चीबद्दल बोलतात.
ताई घर विकायला तयार नाही. वर एक खोली हवी, पाणी आलं की चढून बसायला.

१९ जाने.
पाया उकरून बघितला. उथळ. खाली चिकणमाती, भिंती जुन्या विटांच्या. वर काँक्रीटचा मजला झेपणार नाही. लाकडाची हलकी खोली करायची. भिंतींवर चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा, त्यावर लोखंडी चॅनेल, त्यावर लाकूड.
भाऊजी : "म्हणजे खोकं."
"खोकंच. पण बोल्टांनी आवळलेलं."
हलकं म्हणजे वाऱ्याचीही काळजी. उडून चालणार नाही.

७ फेब्रु.
उल्हासनगर, लाकूडबाजार. पाडलेल्या घरांतला जुना सागवान. खोलीच्या जमिनीखाली लागणाऱ्या प्रत्येक कडीला, म्हणजे आडव्या वाशाला, ओलाव्याचं मीटर लावत होते, तर वखारवाले लखूशेठ म्हणाले, "मॅडम, लकडी का बुखार नाप रही हो?" दोन नग ओले निघाले. बदलून दिले, वर लस्सीही पाजली.

२ मार्च
आज दिवसभर लोखंड आणि लाकडाचा सांधा. पावसात लाकूड फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. लोखंडाला त्याचं काही नाही. घट्ट आवळलं तर लाकूड चिरतं, सैल सोडलं तर खोली हलते. लोखंडाला लांबट भोकं ठेवली, बोल्टाला थोडं सरकता यावं म्हणून, आणि मोठे वॉशर. फॅब्रिकेटर गोल भोकं पाडून आला होता, परत पाठवला. ताई हसली. "फुगडी घालतानाही अशीच भांडायचीस. हात इतकेच घट्ट धर म्हणून."

१२ एप्रिल
खोली उभी. जिना रुंद, पायऱ्या बुटक्या, दोन्हीकडे कठडा. भाऊजी माझा हात न धरता चढले. जयंतीची मिरवणूक वरच्या खिडकीतून बघायची म्हणून आधीच खूश. मधोमध गेले आणि थांबले.
"हलतेय गं."
चालताना जमीन थोडी थरथरते, लाकडाचं तसंच असतं. पडायची भीती नाही, हे समजावलं. ऐकून घेतलं, पण कपाळावर घाम.
"तुझं बरोबर असेल. पण डावा पाय मला आधीच खोटं सांगतो. आता जमीन पण सांगायला लागली तर..."
धरून खाली आणलं. मजबुतीच्या हिशेबात पास. त्यांच्या पायाला नापास.

१५ एप्रिल
काल मिरवणूक त्यांनी दारातून बघितली. खुर्चीत बसून. निळा फेटा छान बांधला होता.

२० एप्रिल
उपाय ठरला. कड्यांच्या मध्ये आडवे ठोकळे, आणि मधोमध खालून एक लोखंडी तुळई. तिला खांब लागणार, खांबाला स्वतःचा पाया. आणि खांब येतो नेमका ताईच्या स्वयंपाकघरात, ओट्यासमोर. कसं सांगायचं...
सांगितलं. ताई भाकरी थापत होती. "कुठे येणार?" खडूने खूण केली. तिने खांब असल्यासारखा दोनदा वळसा घालून बघितला, हातात परात घेऊन.
"चालेल. टॉवेल अडकवीन."

५ जून
खांब बसला. थरथर बरीच कमी, अगदी गेली नाही. भाऊजी वर चला म्हणाले नाहीत, मीही म्हटलं नाही. एकटीच वर जाऊन उड्या मारून आले. ताई खालून : "पडशील, घोडे."

२४ जुलै
सकाळपासून नदी चढतेय. मी अंबरनाथला अडकलेली, बदलापूरचा रस्ता बंद. ताईचा फोन : पाणी अंगणात आलं, हे खुर्चीतून उठत नाहीत, उतरेल म्हणतात.
फोन त्यांच्याकडे द्यायला लावला.
"भाऊजी, वर जा."
"हलली तर?"
"थोडी हलेल. पडणार नाही. मी उड्या मारून बघितल्यात."
"तुझं वजन किती?"
"सत्तर. ताईला सांगू नका."
हसले. फोन चालू ठेवूनच चढले. कठड्यावरून हात घासल्याचा आवाज, धाप. मग, "मधे आलो." मी इकडे उभीच.
"हलते थोडी."
मग, "बसतो."
लाइन तुटली. नंतर दोघांचे फोन बंद.

२६ जुलै
रस्ता सुटला तशी गेले. खाली चिखल, फ्रिज आडवा. भिंती सगळ्या तपासल्या, नवीन तडा नाही. वर दार फुगलंय, लागत नाही. भाऊजी खिडकीपाशी दाढी करत होते. खाली येताय का विचारलं.
"कशाला?"
जिन्यात बसून रडले थोडी. ताईने बघितलं. हातात झाडू दिला.

१७ ऑगस्ट
भाऊजी आता वरच असतात. ताई गुडघ्यांमुळे दिवसभर खाली. खोलीच्या लोखंड-लाकडाच्या सांध्यांचं खरं काय ते उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावरच कळेल, तोवर दर महिन्याला बोल्ट बघायचे.
लाकडाच्या जमिनीतून वरचा सगळा आवाज खाली येतो. म्हणून कड्यांच्या मधल्या पोकळीत भरायला काचेच्या लोकरीचा नमुना घेऊन गेले होते. ताईने बोटाने दाबून बघितला.
"ह्याने काय होईल?"
"वरचं खाली काही ऐकू येणार नाही. शांत झोपशील."
तिने वर बघितलं. भाऊजी चालत होते. एक पाऊल, मग दुसरं ओढत.
"मग मला कसं कळणार, चालतायत की..."
"नको भरू?"
"आत्ता नको. बघू."
वर पावलं थांबली. आम्ही दोघींनी वर बघितलं. मग परत सुरू झाली, आणि ताईने गॅस पेटवला.