आधी चव घेणारी

मंगळवार, ११ मार्च

बर्लिनच्या कंपनीचा मेल— 'आपण दोनदा अर्ज केलेला दिसतो. त्यातला एक रद्द केला आहे.' दोनदा! आडनाव एक, जन्मतारीख एक, इबादानचा पत्ता एक, कॉलेज एक, म्हणून माणूसही एकच? जुळ्या बहिणी कधी पाहिलेल्याच नाहीत वाटतं यांनी. आमच्याकडे जुळ्यांत आधी येते तिचं नाव ताइवो, मागून येते तिचं केहिंदे, म्हणजे माझं; गल्लीत 'केहिंदे' अशी हाक मारली तर चौघीजणी वळून बघतात.

रद्द झालेला अर्ज बहिणीचा, ताइवोचा. माझा शाबूत, पुढच्या आठवड्यात मुलाखत.

तिला अजून सांगितलेलं नाही.

बुधवार, १२ मार्च

आजही नाही.

गुरुवार, १३ मार्च

ऑफिसात वादावादी. मी प्रोग्रॅम लिहायचे, ताइवोनं ते मोडून दाखवायचे— नोकरीला लागल्यापासून हेच चाललंय. आज पैसे परत करायच्या बटणात चूक काढली. "थोरल्या बाई, गिऱ्हाइकानं बटण दोनदा दाबलं तर पैसेही दोनदा परत जातायत! कंपनी बुडवायचीय का?" सगळे खो खो हसले. मी मुकाट्यानं दुरुस्त केलं.

संध्याकाळी ओगा ओलादुंजोये, आमचे साहेब, नव्या पोरांना म्हणाले, "केहिंदेचं काम बघा. कसं स्वच्छ असतं!" ताइवो शेजारीच उभी होती. शाबासकी मी एकटीनंच घेतली.

शनिवार, १५ मार्च

आईनं चवळी केली, लाल पामतेलातली. जुळ्यांचा मान म्हणून अजूनही करते. आणि चवळीबरोबर ती गोष्ट आलीच. "ताइवो आधी बाहेर आली, कारण केहिंदेनं पाठवलं तिला. जा, जगाची चव घे नि मला सांग. म्हणून मागून आलेली असली तरी थोरली हीच."

"म्हणजे लस आधी मला, नदीत उडी आधी माझी," ताइवो बोटं चाटत म्हणाली. "चाखायचं मी, जेवायचं हिनं!" मग सहज विचारलं, "बर्लिनचं काही आलं का गं तुला?"

"नाही," मी म्हणाले. चक्क खोटं.

मंगळवार, १८ मार्च

मुलाखत झाली. व्हिडिओ कॉलवरच त्यांनी दिलेला प्रोग्रॅम ठीक लिहिला. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या कामात इतक्या कमी चुका कशा?"

तोंडातून निघूनच गेलं— "माझी बहीण काढते. तुम्ही तिचाच अर्ज रद्द केलाय. आम्ही दोघी आहोत."

मग त्या म्हणाल्या, "अरे बापरे. चूक आमचीच की!" हलकं वाटलं. कॉल संपल्या संपल्या वाटलं, कशाला बोललीस मूर्खा!

घरी ताइवोला सगळं सांगितलं, शनिवारच्या खोट्यासकट. आरडाओरडा करेल वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "आठवडाभर?" आणि पाणी भरायला निघून गेली.

गुरुवार, २७ मार्च

तिचीही मुलाखत झाली. त्यांचाच अर्ज भरायचा फॉर्म त्यांच्यादेखत मोडून दाखवला म्हणे! हे मला आईकडून कळलं. माझ्याशी कामापुरतंच बोलते.

शुक्रवार, ४ एप्रिल

जागा ताइवोला. मला— 'पुन्हा अवश्य अर्ज करा.'

आईनं नाचायचं तेवढं नाचून घेतलं. मग मध्येच थांबून म्हणाली, "या वेळी कुणी पाठवलं गं हिला?" मला हेवा वाटतोय. लिहूनच टाकते.

रविवार, १८ मे

ताइवो गेली. विमानतळावर मिठी मारली, बोलली मात्र नाही.

बुधवार, २१ मे

आज माझं काम कुणी मोडून न बघताच चालू झालं. दुपारी बंद पडलं. ओगा म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

सोमवार, २ जून

ताइवोचा मेसेज. त्यांच्याकडे आणखी एक जागा निघालीय, तिची जाहिरात. बाकी एक अक्षर नाही. मी विचारलं, "चव कशी आहे?"

उत्तर आलं, "सांगणार नाही. ये नि स्वतः चाख."

अर्ज भरला. कुणाला न दाखवता पाठवला.