विहिरीच्या काठावरचा ठिपका

७ फेब्रुवारी, जालना
माणसाला न दिसणारे चारशे रंग टिपणारा कॅमेरा आम्ही विमानाला बांधलाय. पण जुन्या जालन्यातल्या या लॉजच्या चहात दूध कुठंय, ते त्यालाही सापडणार नाही. इतिहासाने या अन्यायाची नोंद घ्यावी. बाकी झकास! खोली हवेशीर, ड्रायव्हर संपत बोलका. काम सोपं: विमानाने वरून आजारी पिकं, खराब पाणी दाखवायचं, मी जमिनीवर जाऊन खरंखोटं करायचं.

९ फेब्रुवारी
तीर्थपुरीच्या शिवारात कौसल्याबाईंचा गहू. डोळ्यांना हिरवागार, फोटोत मात्र विहिरीभोवती आजारी. बाई एकट्या. पाण्याला वास येतो म्हणून दोन महिने लांबून हंडे आणतात. मंग पेऊ का न्हाई, तेवढं सांगा, म्हणाल्या. नमुन्याच्या बाटल्या जीपमध्ये, जीप पार रस्त्यावर, ऊन डोक्यावर, माझं वय बावन्न. फॉर्मवर ‘पिण्यायोग्य’ लिहिलं. बिनधास्त प्या, म्हणालो. त्यांनी लगेच तांब्या भरून पुढे केला. पुढच्या खेपेला नक्की, असं सांगून सटकलो.

१७ फेब्रुवारी
कौसल्याबाई गेल्या. पोटाच्या दुखण्यानं. संपत म्हणाला, मावशी गावभर सांगत होती, साहेबानं लिहून देल्लंय, हंडे बंद. आता शेजारचेही तिथूनच भरतात. बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
फॉर्म बदलावा तर नोकरी जाते. आज चहात दूध होतं. कप तसाच ठेवून उठलो.

१८ फेब्रुवारी
नवे फोटो आले. विहिरीच्या काठावर एक ठिपका. एक ठिपका म्हणजे मीटरभर जागा, माणूस उभा राहील एवढी. पान नाही, माती नाही, कापड नाही. प्रत्येक वस्तूवरून परतणारा उजेड वेगळा. याचा जुळला तो फक्त त्या विहिरीतल्या पाण्याशी.
पाणी काठावर उभं कसं राहील?

२० फेब्रुवारी
विमानाची सकाळी अकराची फेरी. ठिपका जालन्याच्या रस्त्यावर. यंत्रात दोष आहे, असं ऑफिसला कळवलं. लिहायला काय लागतं —

२२ फेब्रुवारी
एमआयडीसीपाशी. खोलीत वास. तोच.

२३ फेब्रुवारी
लॉजच्या गच्चीवर. भरदुपारी वर धावलो. कोणी नाही. फरशीवर ओली पावलं — जिन्याकडे — खाली —

२४ फेब्रुवारी
दारात तांब्या. भरलेला. संपत शपथेवर सांगतो, त्याने ठेवला नाही.
आधी फॉर्म. ‘पिण्यायोग्य’ खोडलं. ‘नमुना घेतलाच नव्हता. विहीर बंद करा.’ सही. फॉर्म देऊन संपतला पिटाळलं, जल्दी जा, आधी विहिरीचा दोर काढ. गेला.
जीपचा आवाज संपला. खाली बसलो. दोन्ही हातांनी तांब्या घेतला.
पुढच्या खेपेला, म्हणालो होतो.
एक घोट. वास — दुसरा —