मंगळावरचं गूळपाणी

१ जाने. १९७२, शनि. मिरजगाव
मामंजींचा पाय प्लास्टरात, तोंड मात्र मोकळं. दिवसभर आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मागे भुणभुण. शेवटी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बांगडी ठेवून ग्रह आखले. चिंचोके ही यानं. एकमेकांचे ग्रह जिंकायचे. मामंजींनी मंगळ घेतला आणि दिवेलागणीपर्यंत माझा धुव्वा उडवला. वर म्हणतात, "तुज्यात दम न्हाई. दुसरा गडी आन."
दुसरा गडी म्हणजे हे, आत्ताच एस्टीनं आलेत. शेती सोडून केडगावला कारखान्यात लागले तेव्हापासून बापलेकांचा अबोला. शनिवारी यायचं, रविवारी जायचं, काय असेल ते माझ्यामार्फत.

२ जाने. रवि.
खेळले! "त्याला म्हनावं, तुजी पाळी." "त्यांना सांग, कळलं." मधे मी वकील. दोघं एकाच मातीचे. मागे सरणं ठाऊकच नाही. शेवटी दोघांकडे एकही यान उरलं नाही, तरी कुणी हार मानेना. तह आणि शरणागती, दोन्हींची सोय करायला हवी.

५ जाने. बुध.
नियम केले. शरण जायचं तर स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, मधे वकील नको. जिंकणाऱ्यानं शरण आलेल्याचा घरचा ग्रह घ्यायचा नाही. तह हवा असेल तर आपल्या हातानं समोरच्याला गूळपाणी द्यायचं, दारी आलेल्याला देतो तसं. ते घेतलं की हल्ला बंद.
माझ्यावर मीच खूश. गूळपाणी देताना तरी एकमेकांकडे बघतील.

८ जाने. शनि.
मामंजींकडे नुसता मंगळ उरला. भोवती ह्यांची यानं. मी विचारलं, "शरण?" मान हलली, नाही. मग मी गुळाचा खडा आणि तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, तह करा.
त्यांनी तांब्या बाजूला सारला. "पोटच्या पोराला गूळपानी? त्यो काय पाव्हना हाय ह्या घरात?"
ह्यांचे डोळे भरून आले. मी काय करून बसले ते तेव्हा कळलं. ह्यांच्याच घरात ह्यांना पाहुणा करायला निघाले होते. आत्या उठल्या, तांब्या आत घेऊन गेल्या.
पट तसाच.

९ जाने. रवि.
तहाचा नियम खोडला. दुसरा सुचत नाही.
जेवणं झाली. ह्यांची पाळी होती, एका डावात मंगळ गेला असता. हात लावला नाही. निघताना पिशवी खांद्याला, पटाशी उभे राहिले.
"आबा, मी मंगळ घेत न्हाई."
मामंजी थेट ह्यांच्याकडे बघत म्हणाले, "दया करतो व्हय माज्यावर?"
"न्हाई. तुमी शरन म्हनंना, मला घेववंना. मंग कसं करायचं?"
मामंजी कितीतरी वेळ प्लास्टरवरून हात फिरवत राहिले. मला भीती वाटली, आता पट उधळतात.
"शनवारी ये. तवर इचार करतो."
"येतो."
एवढंच. हे गेले. मी चुलीपुढे बसून पोटभर रडले, आत्यांनी धुराचं निमित्त मान्य केलं.
मांजर लोळेल म्हणून मामंजींनी पटावर कोंबड्यांचं डालं झाकायला लावलं. आणि आत्ता, जिची वेळ उभ्या गावाला पाठ आहे त्या गाडीबद्दल विचारतात, "शनवारची एस्टी किती वाजता येती गं?"